पेशींना वाट कशी सापडते?

पायाला खिळा टोचला, की काही तासांतच ती जागा लाल होते, सुजते. रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढण्यासाठी तेथे धावून आलेल्या असतात. या पेशींना ना डोळे, ना मेंदू; मग जखमेची जागा त्यांना कळते कशी?

जखमी ऊती आणि जंतू यांच्यापासून काही रसायने पाझरतात. जखमेपाशी ती दाट असतात, दूर विरळ. आपल्या कोणत्या बाजूला रसायन अधिक आहे, हे पेशी ताडून पाहते आणि तिकडे सरकते. मुंगीने गुळाच्या खड्याचा माग काढावा, तसाच हा प्रकार.

मातीतील अमीबासारखे सूक्ष्म जीव असेच रसायनाच्या ओढीने एकत्र जमतात. एव्हलिन केलर आणि ली सेगेल यांनी १९७० मध्ये त्यांची ही चाल गणिती समीकरणांत मांडली. त्यांनी हालचालीचे दोन भाग केले: दिशाहीन भटकणे आणि रसायनाच्या रोखाने जाणे. ओढ भटकण्यावर मात करते, तेव्हाच पेशींचा समूह जमतो.

भटकणे आणि रोखाने जाणे यांतील हा भेद वार्धक्यात महत्त्वाचा ठरतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्येष्ठांच्या न्यूट्रोफिल पेशी तरुणांच्या पेशींइतक्याच चपळ असतात. उणी पडते ती दिशेची अचूकता. आडवाटेने फिरणारी पेशी जखमेपाशी उशिरा पोहोचते. शिवाय वाटेत ती जी विकरे सोडते, त्यांनी निरोगी ऊतींचीही हानी होऊ शकते. पेशीतील एका विकराला प्रयोगशाळेत आवर घातल्यावर ही अचूकता परत आली. मात्र हा प्रयोगशाळेतील निष्कर्ष आहे; त्याला उपचार समजू नये.

घरातील मंडळींनी यातून एवढा बोध अवश्य घ्यावा, की उतारवयातील लहानशी जखमही दुर्लक्षू नये. ती स्वच्छ पाण्याने धुवावी, झाकावी आणि रोज पाहावी. खिळा किंवा काटा खोल रुतला असल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असल्यास तळपाय दररोज तपासावेत. संसर्ग होऊनही ज्येष्ठांना ताप येतोच असे नाही. एकाएकी गोंधळल्यासारखे होणे, ग्लानी येणे, अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काही दिसताच ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. शरीराची मदत वाट शोधीत असते, तोवर सोबतच्या माणसांची जागरूक नजर फार मोलाची असते.