मिरिसाचे मुक्कामी देवमासे

सकाळी साडेसहाच्या सुमाराला श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसा बंदरातून दुमजली नावा एकामागोमाग एक निघतात. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची तर ती निघण्याआधीच. नाव डोलायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. तासाभरात माडांची रेघ पुसट होते, पाण्याचा हिरवट रंग जाऊन गडद निळाई येते. आणि मग वरच्या मजल्यावर नजर लावून उभा असलेला खलाशी अचानक हात लांब करून ओरडतो. दूरवर वाफेचा एक उभा खांब दिसतो आणि विरून जातो.

तो निळा देवमासा. पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत वजनदार प्राणी. सिंहली भाषेत त्याला ‘निल् तल्मसा’ म्हणतात; मराठी कानाला ते नाव परकं वाटतच नाही.

फवारा म्हणजे तोंडातून उडवलेलं पाणी, असा अनेकांचा समज असतो. खरं तर तो उच्छ्वास असतो, नऊ-नऊ मीटर उंच जाणारा. त्यामागून पाठ वर येते. राखाडी-निळी, ठिपक्याठिपक्यांची, ओली. ती सरकत राहते, सरकतच राहते, आणि संपली असं वाटतं तेव्हा कुठे तिच्या टोकाशी एवढासा पर दिसतो. चार-सहा श्वास घेऊन झाले की शेपूट हवेत उभी राहते, पाणी निथळतं आणि देवमासा खाली जातो. मागे लाटांच्या मधोमध तेल सांडल्यासारखा गुळगुळीत, चकचकीत गोल उरतो. शेपटीच्या फटकाऱ्याने ढवळलेल्या पाण्याची ती खूण. ती पुसली जाईपर्यंत नावेवर कुणी बोलत नाही.

पुढची दहा-पंधरा मिनिटं वाट पाहायची. या वेळात खाली काय चालतं, याचा एक विलक्षण पुरावा 2019 साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात शास्त्रज्ञांनी एका निळ्या देवमाशाच्या अंगावर रबरी चकत्यांनी यंत्र चिकटवलं आणि त्याच्या हृदयाचे ठोके मोजले. पृष्ठभागावर ते मिनिटाला 37पर्यंत जात होते. खोल बुडीत ते मिनिटाला अवघ्या दोनवर येत होते.

पण मिरिसाचं खरं कोडं वेगळंच आहे. निळे देवमासे पोट भरायला थंड समुद्रात जातात आणि उबदार पाण्यात पिल्लांसाठी येतात, असा सर्वसाधारण नियम. विषुववृत्ताजवळच्या या पाण्यात मात्र ते बाराही महिने आढळतात. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांना 2003 साली इथल्या समुद्रात देवमाशांजवळ लालसर विष्ठा तरंगताना दिसली. विष्ठा आहे म्हणजे खाणं आहे! त्या एका निरीक्षणाने त्यांच्या संशोधनाची दिशा ठरली. उत्तर दडलं आहे ते समुद्रतळाच्या रचनेत. इथला उथळ तळ फार अरुंद आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तो एकदम खोल उतरतो. मोसमी वारे आणि प्रवाह खालचं पोषक पाणी वर आणतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव पोसले जातात आणि देवमाशांचं ताट भरतं. इतरत्र हे प्राणी क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवांवर जगतात. इथे त्यांच्या विष्ठेत सापडले ते सर्जेस्टिड कुळातल्या इवल्या कोळंब्यांचे अंश. हे कुळ कोकणी माणसाच्या ओळखीचं आहे, आपला जवळा त्यातलाच.

एवढ्या मोठ्या जिवाने जवळ्याच्या भाऊबंदांवर पोसलं जावं, याहून सुंदर गोष्ट या समुद्रात दुसरी नसेल.

आणि तितकीच दुःखद गोष्टही इथेच आहे. 1963 ते 1966 या काळात सोव्हिएत जहाजांनी उत्तर हिंदी महासागरात बाराशेहून अधिक निळे देवमासे मारले. 1979 साली आंतरराष्ट्रीय देवमासा-शिकार आयोगाने हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य घोषित केला. शिकार थांबली, पण धोका संपला नाही. मिरिसाच्या पूर्वेला असलेल्या दोंद्रा टोकासमोरून जगातला एक अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग जातो. किनाऱ्यालगतची खोली देवमाशांना हवी असते आणि जहाजांनाही. मार्च 2012 मध्ये एक मालवाहू जहाज कोलंबो बंदरात आलं ते नाळेवर मेलेला निळा देवमासा घेऊनच. मार्ग सुमारे 15 सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर धडकांचा धोका खूप कमी होईल, असं अभ्यासक सांगत आले आहेत. 2022 साली ‘एमएससी’ या बड्या जहाज कंपनीने आपली जहाजं स्वतःहून दक्षिणेकडे वळवली. बाकीच्यांनीही तेच करावं.

जहाजांइतकी जीवघेणी नसली, तरी पर्यटकांच्या नावाही निर्धोक नाहीत. एका देवमाशाभोवती सात-आठ नावा घोंघावू लागल्या की तो श्वास अर्धवट टाकून बुडी मारतो. चांगला नावाडी समोरून आडवा जात नाही. बाजूने, समांतर, इंजिन मंद करून, अंतर राखून थांबतो. म्हणून मिरिसाला जाल तेव्हा छायाचित्रासाठी नावाड्याला ‘अजून थोडं जवळ घे’ म्हणू नका. वाट पाहा; देवमासा श्वास घ्यायला पुन्हा वर येतोच.