लॅपटॉपचा आवाज बसतो तेव्हा

माणसाचा आवाज बसला, की आपण मिठाच्या गुळण्या करतो, हळद घालून गरम दूध घेतो. लॅपटॉपचा आवाज बसला, की मात्र घरोघरी दोनच उपाय सुचतात. एक, आवाज आणखी वाढवा. दोन, नवा लॅपटॉप घ्या. मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझ्याकडे असे ‘रुग्ण’ बरेच येतात. त्यांतले निम्म्याहून अधिक यंत्र न उघडताच बरे होतात, असा माझा अनुभव आहे.

हा विषय आता केवळ गाण्यांच्या हौसेचा राहिलेला नाही. २०२०च्या टाळेबंदीपासून मुलांचे वर्ग, कार्यालयाच्या बैठका, परगावच्या नातवंडांशी गप्पा, सगळं याच इवल्याशा स्पीकरमधून घरात येऊ लागलं. पलीकडचा माणूस ‘साठ’ म्हणतो आणि आपल्याला ‘आठ’ ऐकू येतं. घरातली ज्येष्ठ मंडळी तर सारा दोष आपल्या कानांच्या माथी मारतात आणि हळूहळू बोलणंच टाळू लागतात. म्हणून दोष कानांत आहे की यंत्रात, हे आधी नीट पाहायला हवं.

त्यासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत. लॅपटॉपवर जे खराब वाजतंय, तेच मोबाइलवर लावून बघा. तिथंही खराब वाजलं, तर दोष मूळ मुद्रणात आहे. मग लॅपटॉपला साधा, वायरचा इअरफोन जोडा. त्यातून आवाज स्वच्छ आला, तर दोष लॅपटॉपच्या स्पीकरकडे. तिथंही खरखर असेल, तर दोष बहुधा आतल्या प्रोग्रॅमचा किंवा सेटिंगचा.

मूळ मुद्रणाचा दोष आपल्या हातात नसतो. गौहर जान यांचं गाणं १९०२मध्ये कोलकात्यात मुद्रित झालं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिका कर्ण्यात गात आणि त्या हवेच्या धक्क्यानं सुई तबकडीवर रेघ ओढे. विजेवर चालणारं मुद्रण आलं १९२५च्या सुमारास. त्याआधीच्या तबकड्यांत अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर उमटलेच नाहीत. जे तबकडीत नाही, ते लॅपटॉप कुठून आणणार?

आता स्पीकर. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचे, आवाज ऐकू येतात. खर्जातला आवाज काढायचा, तर पुष्कळ हवा हलवावी लागते. लॅपटॉपच्या स्पीकरचा पडदा असतो बोटाच्या पेराएवढा. बहुतेक लॅपटॉपमध्ये २०० हर्ट्झच्या खाली त्याची ताकद झपाट्यानं ओसरते. म्हणून तबला ऐकताना चाटीवरची बोटं टणटणीत ऐकू येतात, पण डग्ग्याची घुमारी हरवते. हा बिघाड नव्हे, ही आकाराची मर्यादा आहे. इथं बाहेरचा स्पीकर किंवा चांगला हेडफोन हाच उपाय.

पुष्कळ लॅपटॉपचे स्पीकर तळाला असतात. टेबलाच्या कठीण पृष्ठभागावर आपटून आवाज आपल्यापर्यंत यावा, अशी त्यांची रचना असते. तोच लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवला, की आवाजाचं तोंडच दाबलं जातं. भोकांत धूळ बसली असेल, तर लॅपटॉप बंद करून मऊ, कोरड्या ब्रशनं झाडा. टाचणी घालू नका, पाणी लावू नका.

आवाज वाढवण्याचीही एक गंमत आहे. व्हीएलसीसारख्या प्रोग्रॅममध्ये आवाज १०० टक्क्यांच्या पुढे नेता येतो. पण मर्यादा ओलांडली, की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. तेव्हा प्रोग्रॅमचा आवाज १००च्या आतच ठेवा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ नावाची सोय असते. ती आवाज खुलवण्यासाठी दिलेली. पण कित्येकदा तिच्यामुळेच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ती एकदा बंद करून ऐका. बैठक सुरू झाली की बाकीचे आवाज आपोआप दबतात, अशी तक्रार असेल, तर जुन्या साउंड पॅनेलमधलं ‘कम्युनिकेशन्स’ पान बघा. इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची खूण तिथं आधीपासूनच असते. ती बदलून ‘काहीही करू नका’ या अर्थाचा पर्याय निवडा. अद्ययावतीकरणानंतर आवाज बिघडला असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आवाजाचा ड्रायव्हर नव्यानं घ्या.

सर्वांत जास्त फसवतो तो बिनतारी हेडफोन. गाणं सुरेख वाजत असतं. बैठक सुरू झाली रे झाली, की तोच हेडफोन जुन्या टेलिफोनसारखा बोलू लागतो. कारण नेहमीच्या ब्लूटूथमध्ये ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी सुरू झालं, की जागा पुरत नाही. मग हेडफोन कमी दर्जाच्या पद्धतीवर उतरतो आणि वरचे स्वर कापले जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांचा जीव नेमका त्या वरच्या स्वरांत असतो. ‘साठ’चा ‘आठ’ होतो तो असा! उपाय फुकटचा आहे. बैठकीच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. नव्या ‘एलई ऑडिओ’ पद्धतीत ही अडचण कमी होते. पण त्यासाठी हेडफोन आणि लॅपटॉप दोन्ही त्या पद्धतीचे हवेत.

वायरच्या हेडफोनमध्ये वाद्यं ऐकू येतात, पण गायक विहिरीतून गातोय असं वाटलं, तर पिन पूर्ण आत गेली आहे का ते बघा. तिचा एक सांधा सुटला, की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका गायकाचा, पुसला जातो.

चार्जर लावला की बाहेरच्या स्पीकरमधून घूं घूं येत असेल, तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली, तर दोष वीजजोडणीच्या वाटेवर, बहुधा अर्थिंगमध्ये आहे. इलेक्ट्रिशियनला दाखवा. मात्र घरघर घालवण्यासाठी चार्जरची तिसरी पिन कापू नका. ती पिन तुमच्या जिवाच्या रक्षणासाठी आहे.

एवढं करूनही विशिष्ट स्वराला स्पीकर फरफरत असेल, तर पडदा फाटलेला असू शकतो. तेवढा स्पीकर बदलता येतो, अख्खा लॅपटॉप नव्हे. दुरुस्तीला जाताना वरच्या दोन परीक्षांचे निकाल कागदावर लिहून न्या.

आणि शेवटी कानांविषयी. खराब आवाज समजून घ्यायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. ९० डेसिबलला मात्र हीच मर्यादा ४ तासांवर येते. आवाज मोठा नको, स्वच्छ हवा, तो यासाठी. आणि मोबाइलवर, चांगल्या हेडफोनवर, समोरासमोर बोलतानाही शब्द निसटत असतील, तर कानांची तपासणी करून घ्या. चष्म्याचा नंबर काढतो, तितक्याच सहजपणे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)