टेंपल-१ कडे दुसऱ्यांदा

अकोल्याहून पातूरचा घाट चढून मेहकरमार्गे लोणार गाठलं, की काठावर उभं राहून हवा तितका वेळ विवर पाहता येतं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पण हे आघातविवरच, याचा भक्कम पुरावा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी मांडला तो १९७३ मध्ये: धक्क्याने काच झालेली बेसॉल्टमधली खनिजं. दीडशे वर्षं दगड जागेवर थांबून होते.

धूमकेतू असा थांबत नाही. यान सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने शेजारून जातं आणि नीट चित्रं घ्यायला जेमतेम काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांसाठी घडवलेलं नासाचं 'स्टारडस्ट' ७ फेब्रुवारी १९९९ रोजी निघालं. कॅमेऱ्याची भिंगं व्हॉयेजर मोहिमेच्या शिल्लक सामानातली. त्या वेगात धुळीचा कणही यान भेदू शकतो, म्हणून पुढे सिरॅमिक कापडाचे थर असलेली ढाल. कॅमेरा तिच्याआडून पेरिस्कोपने पाहणार. पृथ्वीवरून हुकूम पोचायलाच मिनिटं लागतात, तेव्हा धूमकेतूचं केंद्रक ओळखून कॅमेऱ्याचा आरसा त्याच्यामागे फिरवत ठेवायचं काम यानाच्या संगणकाचं. या यंत्रात मला सर्वांत देखणा वाटतो तो हा आरसा.

२ जानेवारी २००४ ला ते वाइल्ड-२ या धूमकेतूपासून सुमारे २४० किलोमीटरवरून गेलं. उभ्या कड्यांचे खड्डे आणि सुळके दिसले. तिथे गोळा केलेल्या धुळीची कुपी २००६ मध्ये युटाच्या वाळवंटात उतरली. यान मात्र सूर्याभोवती फिरत राहिलं, टाकीत थोडं इंधन घेऊन.

तोवर एक कोडं तयार झालं होतं. ४ जुलै २००५ ला 'डीप इम्पॅक्ट' यानाने टेंपल-१ या धूमकेतूवर ३७० किलोंचा गोळा आदळवला, पण उसळलेल्या धुळीने विवरच झाकलं. ते पाहायला जुनं स्टारडस्ट वळवलं गेलं. १५ फेब्रुवारी २०११ च्या सकाळी, आपल्या वेळेनुसार, ते साधारण १८० किलोमीटरवरून गेलं आणि ७२ चित्रं घेतली.

विवर सापडलं: रुंदी सुमारे दीडशे मीटर, म्हणजे लोणारच्या खोलीएवढी. पण कडा पुसट आणि मधोमध छोटासा उंचवटा. उडालेल्या मालातला काही सरळ खाली परतला होता. पृष्ठभाग बेसॉल्टसारखा घट्ट नव्हे, अगदी भुसभुशीत. त्याहून मोलाचं दुसरीकडे दिसलं. दोन भेटींच्या मध्ये धूमकेतू सूर्याजवळून एकदा जाऊन आला होता, आणि पृष्ठभागावरच्या एका गुळगुळीत पट्ट्याची कड काही ठिकाणी २० ते ३० मीटर मागे सरकली होती. एकाच धूमकेतूची जमीन सूर्यभेटीआधी आणि नंतर पाहण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या भेटीतून रूप कळलं होतं. झीज कळायला दुसरी भेटच हवी होती.

२४ मार्च २०११ ला यानाची इंजिनं टाकी रिकामी होईपर्यंत चालवली. अंतराळयानात इंधन दाखवणारा काटा नसतो, उरलेल्याचा हिशोब अंदाजानेच ठेवावा लागतो. तो अंदाज कितपत बरोबर, हे पुढच्या मोहिमांसाठी तपासायचं होतं.