गोव्यातील विमानतळ ते समुद्रकिनारा वाहतूक

गोव्यात विमानाने येणाऱ्या प्रवाशांना किनाऱ्यावरील मुक्कामापर्यंत नेणाऱ्या वाहतुकीत टॅक्सी, बस, भाड्याची वाहने आणि काही प्रमाणात रेल्वे यांचा समावेश होतो. राज्यात दोन विमानतळ असल्यामुळे वाहनाची निवड मुख्यतः प्रवासी कोणत्या विमानतळावर उतरतो आणि किती वाजता उतरतो यांवर अवलंबून असते.

विमानतळ आणि अंतरे

दाबोळी विमानतळ दक्षिण गोव्यात मुरगाव तालुक्यात असून तो भारतीय नौदलाच्या आयएनएस हंसा या तळावर आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव त्याला देण्यात आले आहे.

हरमल, मांद्रे, मोरजी हे उत्तरेकडील किनारे मोप्याला, तर बोगमाळो, कोलवा, बाणावली हे दक्षिणेकडील किनारे दाबोळीला जवळ आहेत. दाबोळीहून काणकोण तालुक्यातील पाळोळे सुमारे ६५ किमी आहे. मोप्याहून हे अंतर १०० किमीच्या आसपास जाते. त्यामुळे स्वस्त विमान तिकिटाने झालेली बचत लांबच्या टॅक्सीभाड्यात संपू शकते. कळंगुट आणि बागा येथे जाणाऱ्यांसाठी हा फरक कमी असतो. महाराष्ट्रातील रेडी, शिरोडा या किनाऱ्यांनाही मोपा सोयीचा आहे.

वाहतुकीची साधने

टॅक्सी : मुक्कामाच्या दारापर्यंत थेट नेणारे हे साधन सर्वांत महाग असते. आगाऊ भाडे भरून टॅक्सी घेता येते, तसेच २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवामाइल्स या ॲपवरून ती मागवता येते.

बस : कदंब परिवहन महामंडळाच्या बस सर्वांत स्वस्त पडतात. पणजी, म्हापसा आणि मडगाव ही बदलाची प्रमुख ठिकाणे आहेत. तेथून किनाऱ्यांकडे स्थानिक बस मिळतात. सामान कमी आणि वेळ दिवसाची असल्यास हा पर्याय सोयीचा ठरतो. रात्री स्थानिक फेऱ्या विरळ होतात.

भाड्याची वाहने : भाड्याने देण्यासाठी अधिकृत नोंदणी असलेल्या दुचाकी व मोटारींच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन भाड्याने देणे बेकायदेशीर असून त्यामुळे विम्याची भरपाई मिळण्यात अडचण येऊ शकते. ‘पायलट’ या नावाने ओळखली जाणारी मोटारसायकल टॅक्सी एकट्या प्रवाशाला कमी अंतरासाठी उपयोगी पडते.

रेल्वे : कोकण रेल्वेची पेडणे, थिवी, करमळी, मडगाव आणि काणकोण ही स्थानके विमानतळांपासून दूर आहेत. त्यामुळे लांबच्या टप्प्यासाठीच, तेही गाडीची वेळ जुळत असल्यास, रेल्वेचा उपयोग होतो.

टॅक्सी व्यवसायातील वाद

ॲप-आधारित सेवांना स्थानिक टॅक्सीचालकांनी सातत्याने विरोध केला आहे. आपल्या उपजीविकेवर गदा येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. तर दर अवाजवी असून मीटरचा वापर होत नाही, अशी पर्यटकांची तक्रार असते. मोपा विमानतळासाठी जमिनी गेलेल्या पेडणे तालुक्यातील रहिवाशांनी तेथील टॅक्सी व्यवसायात आपल्याला स्थान मिळावे, अशी मागणी केली. त्यामुळे गोव्यात विमानतळावरील टॅक्सी हा पर्यटकांच्या सोयीइतकाच स्थानिक रोजगाराचाही प्रश्न ठरला आहे.