पिल्लू लंगडते तेव्हा

राखणीसाठी पाळलेले कुत्र्याचे पिल्लू लंगडू लागले की ‘काटा मोडला असेल’ म्हणून दुर्लक्ष होते. बाभळीच्या रानात ते पुष्कळदा खरेही असते. म्हणून प्रथम पंजा व बोटांमधील जागा तपासावी. तेथे काही न आढळल्यास त्याच्या खाण्याकडे पाहावे. नुसत्या भाकरीवर वा नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लास कॅल्शियम अपुरे पडते. हाडे मऊ राहून पाय वाकतात. थोराड जातीच्या ५ ते १८ महिन्यांच्या कुत्र्यांत दुखणे एका पायातून दुसऱ्या पायात फिरत असल्यास तो बहुधा हाडांचा दाह असतो व कालांतराने शमतो. परंतु ताप, सुजलेले सांधे व अंगावर गोचिडी दिसल्यास गोचीडतापाची शंका धरून विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. माणसांची वेदनाशामक गोळी कदापि देऊ नये. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.