उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?
देवपूरच्या गल्लीत चार दिवस उभी असलेली गाडी सेल्फ घेत नसेल, तर नवी बॅटरी आणण्याआधी विजेची गळती तपासा. खानदेशी उन्हाळ्यात बॅटरी आपसूकही थोडी उतरते, पण इतकी नाही. गाडी बंद करून किल्ली लांब ठेवा. निगेटिव्ह वायर सोडवून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये १० अँपिअरवर लावलेला मल्टिमीटर जोडा. अर्धा तास थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत आला, तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा घसरेल, त्याच लाइनवर दोष: डिकीचा दिवा, बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा चिकटलेला रिले. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल.