दाखला खरा, पण सही कुणाची?

परदेशातील नोकरीचे पत्र हाती पडते, पगाराचा आकडाही मनासारखा असतो आणि पत्राच्या तळाशी एक ओळ असते : पदवी प्रमाणपत्र व विवाह नोंदणीचा दाखला रीतसर साक्षांकित करून सादर करावा. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का घेण्याची सवय असलेल्या आपल्याकडील उमेदवाराला हे काम एका दुपारचे वाटते. प्रत्यक्षात त्यात आठवडे जातात, आणि क्रम चुकला तर रुजू होण्याची तारीखही हातची जाते.

मुळात अडचण काय, ते आधी पाहू. पदवीवर कुलगुरूंची सही असते. ती खरी की खोटी, हे दुबईतील अधिकाऱ्याने कशावरून ठरवावे? यासाठी साखळी उभी राहिली. विद्यापीठाची सही राज्य सरकार ओळखते, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते, परराष्ट्र मंत्रालयाची सही त्या देशाचा दूतावास ओळखतो आणि दूतावासाची सही त्या देशाचे परराष्ट्र खाते. प्रत्येक कडी केवळ आपल्या आधीच्या कडीकडे पाहते. मधली एक कडी गाळून पुढच्या खिडकीवर गेलेला कागद परत येतो तो यामुळे. दर वेळी ती बाबूगिरीच असते असे नव्हे.

ही साखळी आखूड करण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. कराराच्या सदस्य देशांनी दूतावासाची पायरी काढून टाकली आणि तिच्या जागी एकच प्रमाणपत्र आणले. त्याचे नाव 'अपॉस्टिल'. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागील बाजूस एक चौकोनी स्टिकर लावते. त्यावर क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून स्टिकरचा खरेपणा पडताळता येतो.

या स्टिकरविषयीचा गैरसमज मात्र मोठा आहे. अपॉस्टिल तीनच गोष्टी सांगते : सही अस्सल आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. दाखल्यातील मजकूर बरोबर आहे, पदवी त्या देशात मान्य आहे किंवा तिच्या जोरावर नोकरी मिळेल, यातले काहीही ते सांगत नाही. पदवीची समकक्षता ठरविणे हे वेगळे काम आहे आणि ते वेगळ्या कार्यालयात होते.

आता क्रमाचे. सुरुवात घराजवळच्या कार्यालयापासून नव्हे, तर कागद ज्या देशात जायचा त्या देशापासून करावी. आखाताचेच उदाहरण घेऊ. ओमान २०१२ पासून, बहारीन २०१३ पासून आणि सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून हेग करारात आहे. तेथे अपॉस्टिल चालते. संयुक्त अरब अमिराती व कुवेत करारात नाहीत. तेथे दूतावासाची पायरी आजही चढावीच लागते. जर्मनी करारात असूनही भारताच्या प्रवेशाला तिने आक्षेप घेतला, त्यामुळे या दोन देशांमध्ये करार लागू झाला नाही. 'माझ्या भावाचे झाले' हा आधार म्हणूनच घातक. भाऊ मस्कतला गेला असेल आणि आपण अबुधाबीला चाललो असू!

देश ठरला की कागदाचा प्रकार पाहावा. पदवी व गुणपत्रिका राज्याच्या शिक्षण विभागाकडून, जन्म-विवाहाचे दाखले गृह अथवा सामान्य प्रशासन विभागाकडून आणि व्यापारी कागद वाणिज्य मंडळाकडून प्रमाणित होऊन पुढे जातात. मुंबईत 'मंत्रालय' म्हटले की राज्य सरकारची इमारत डोळ्यांपुढे येते आणि तेथून शिक्का मिळाला की 'मंत्रालयाचे झाले' म्हणून कित्येक जण निश्चिंत होतात. परराष्ट्र मंत्रालयाचा टप्पा अजून बाकीच असतो. हे मंत्रालय २०१२ पासून अर्जदारांकडून थेट कागद घेत नाही. नेमलेल्या संस्थांमार्फतच ते द्यावे लागतात. अपॉस्टिलचे सरकारी शुल्क प्रत्येक कागदामागे ५० रुपये, त्यावर संस्थेचा सेवाआकार. दलाल हजारोंचा आकडा सांगतो तेव्हा त्यातले सरकारचे किती आणि त्याचे किती, हे विचारायला लाजू नये.

खरी रखडपट्टी होते ती नावापाशी. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात. जुन्या जन्मदाखल्यात बाळाचे नावच नसते, केवळ आई-वडिलांची नावे असतात. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तर पदवीवर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे आणि आधारवर कुठे तरी मधलेच. परदेशातील कारकुनाच्या लेखी ही तीन वेगळी माणसे ठरतात. स्टिकर यातले काही दुरुस्त करीत नाही. चूक तशीच राहते, फक्त तिच्यावर अधिकृत मोहोर बसते. जन्मदाखल्यात नाव घालणे, नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करणे, लग्नाची नोंदणी उरकणे ही कामे शिक्क्यांच्या आधीची आहेत आणि वेळ खाणारीही तीच आहेत.

आणखी एक. जपून ठेवायच्या हौसेने केलेले लॅमिनेशन येथे नडते, कारण शिक्का मूळ कागदावरच बसावा लागतो. मराठीतला दाखला असेल तर भाषांतर शिक्क्याआधी हवे की नंतर, हे त्या देशाच्या वकिलातीकडून आधीच विचारून घ्यावे.

गोव्यात हा शब्द एव्हाना घरोघरी पोहोचला आहे. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदवायचा, तर गोव्यातील जन्मदाखल्यावर अपॉस्टिल लागते.

उलट दिशेची वाहतूकही कमी नाही. परदेशस्थ मुलगा पुण्यातील सदनिका विकण्यासाठी आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र पाठवितो. तो हेग कराराच्या देशात असेल तर तेथील नोटरीच्या सहीवर अपॉस्टिल घेता येते. कॅनडातील मराठी कुटुंबांना ही सोय जानेवारी २०२४ पासून मिळाली. मात्र असे पत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पाकिटावरील टपालाची तारीख म्हणूनच जपून ठेवावी.